वार पडायच्या आधी

रात्री फोन वाजला की पलीकडचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. ‘गाय व्यालीय, पण वार पडंना बघा.’ मग गाय कधी व्याली, वार किती लोंबतेय, गाय उठते-बसते का, वैरणीला तोंड लावते का, हे सगळं न विचारता सांगून होतं. वासराचं नाव कुठंच नसतं. मी विचारतो, ‘वासराला चीक पाजला का?’ उत्तर येतं, ‘न्हाई अजून. आधी वार तर पडू द्या.’

त्यानंतरचा फोन चार-पाच दिवसांनी येतो. तो मात्र वासराचा असतो. पांढरी हगवण लागलीय, डोळे खोल गेलेत, मान टाकलीय. या दोन फोनांच्या मधे काय झालं असेल, याचा अंदाज आता मला गोठ्यात न जाताही येतो. मला लिहायचंय ते त्या मधल्या काळाबद्दल, त्यातही पहिल्या चार-सहा तासांबद्दल.

सोनारी हे धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातलं गाव. बाहेरच्या माणसाला ते ठाऊक असतं काळभैरवनाथाच्या देवळामुळं, चैत्रातल्या यात्रेमुळं आणि देवळाभोवती हिंडणाऱ्या माकडांमुळं. मी इथं आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो. लोक डॉक्टर म्हणतात. मी पशुवैद्यक नाही. अडलेलं काम दिसलं की पशुवैद्यकांना बोलावून आणणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. मुलूख कोरडवाहू. ज्वारी, तूर, उडीद, आणि विहिरीला पाणी असेल तिथं ऊस. शेजारच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या. पाऊस फसला तरी डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं, म्हणून माणसं पोटाला चिमटा घेऊन गाई सांभाळतात. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली, सरकारी दवाखान्यांतूनही रेतन होऊ लागलं, आणि पुढच्या काही दशकांत होल्स्टीन आणि जर्सीचं रक्त असलेली संकरित गाय असल्या कोरड्या मुलखातही दावणीला आली. माझं पोट त्या गाईवरच चालतं.

माझ्याकडं रेतनाची वही असते. कुणाची गाय, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, कोणत्या वळूची रेतमात्रा, कोणत्या तारखेला. गाय नऊ महिने नऊ दिवसांची, म्हैस दहा महिने दहा दिवसांची, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. आता तर कालवडच व्हावी म्हणून लिंगनिवड केलेल्या रेतमात्राही मिळतात. त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास माद्या होतात. शेतकरी कालवडीसाठी जादा पैसे मोजतो, गाय माजावर येण्याची वाट बघतो, गाभण राहिली का ते तपासून घेतो, नऊ महिने पेंड चारतो. एवढं सगळं करून झाल्यावर ती कालवड जमिनीवर पडते आणि आईची वार पडेपर्यंत कोपऱ्यात उपाशी बसून राहते. मला या कामात सर्वांत जास्त यातना होतात त्या इथं.

माणसाचं बाळ आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे करोनाच्या काळात सगळ्यांच्या तोंडी आलेल्या अँटीबॉडी, वारेतून घेऊन येतं. गाईचं तसं होत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची बांधणीच अशी असते की आईचं रक्त आणि पिलाचं रक्त यांच्यामधे बरेच पडदे राहतात आणि प्रतिपिंडांसारखे मोठे रेणू त्यांतून पलीकडं जात नाहीत. आईला लाळ्या-खुरकुताची, घटसर्पाची लस टोचलेली असो, ती दहा रोगांतून उठलेली असो, पोटातल्या वासराला त्यातलं काही मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, आणि स्वतःची पुरेशी तयार व्हायला त्याला काही आठवडे लागतात.

आईकडं जे असतं ते ती कासेतून देते. विण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत ओढून साठवत असते. तोच चीक. चांगल्या चिकाच्या एका लिटरमधे पन्नास ग्रॅमच्या वर प्रतिपिंडं असतात. साध्या दुधात ती एक ग्रॅमच्या आसपास उरतात. शिवाय स्निग्धांश, अ-जीवनसत्त्व, आणि प्रतिपिंडं पोटात पचून जाऊ नयेत म्हणून पचन रोखून धरणारं एक द्रव्यही त्यात असतं.

दुसरी निम्मी गोष्ट वासराच्या आतड्यात घडते. एरवी प्रथिन पोटात गेलं की ते तुटतं, पचतं. पण नुकत्या जन्मलेल्या वासराचं आतडं हे मोठे रेणू अख्खेच्या अख्खे रक्तात घेतं. ही दारं जन्मापासूनच मिटत जातात. पहिल्या दोन तासांत सताड उघडी, सहा तासांनी बरीचशी ओढलेली, चोवीस तासांत बंद. त्यानंतर कितीही चीक पाजा. तो पोटात काम करेल, रक्तात जाणार नाही. आणि या दारांतून चिकाआधी गोठ्यातलं शेणमूत आत गेलं, म्हणजे उपाशी वासरानं दावं चाटलं, भिंत चाटली, आईची चिखलात माखलेली मांडी चाटली, तर जंतूंना आत शिरायला तीच वाट सापडते.

याचा शोध काही नवा नाही. पाऊल एर्लिख यांनी 1892 मध्येच उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की आईकडची प्रतिकारशक्ती पिलाला दुधातून मिळते. 1922 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन इथं थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना मुद्दाम दिला नाही. न मिळालेल्यांतली बहुतेक थोड्याच दिवसांत मेली. त्याला आता शंभर वर्षं उलटून गेली, आणि माझ्या वहीतल्या गोठ्यांत तोच प्रयोग कुणी न ठरवता चालू आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

पाजायचा किती, हे सोपं आहे. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा. संकरित वासरू तीस किलोचं धरलं तर तीन लिटर. देशी गाईचं लहान असतं, त्याला दोन लिटर पुरतो. जमेल तितका पहिल्या दोन तासांत, उरलेला सहा-आठ तासांच्या आत. लोक म्हणतात, ‘सोडलंय की आईखाली, पीतंय त्याचं ते.’ मोकळ्यानं फिरणारी देशी गाय असेल तर बऱ्याचदा पीतंही. पण एचएफ, म्हणजे होल्स्टीन, गाईची कास खाली ओघळलेली असते, सडं सुजून जाड झालेली असतात. वासरू मात्र वर, मांडीपाशी सड हुडकतं. तासभर हुडकून दमतं आणि बसतं. बघणाऱ्याला वाटतं पोट भरलं. म्हणून मी चीक काढून बाटलीनं पाजायला सांगतो. वासरू उभं किंवा छातीवर बसलेलं, मान किंचित वर, बूच चोखू द्यायचं. औषध पाजतात तसं नळ्यानं घशात ओतलं तर चीक फुप्फुसात जाऊन वासरू तिथंच गुदमरतं.

चिकाचा दर्जा कसा ओळखायचा, हे मला आधी इथल्या बायकांनी शिकवलं. खरवस करताना त्या चिकात दूध घालतात. पहिल्या धारेचा चीक असेल तर त्याला दूध भरपूर लागतं, नाहीतर खरवस दगडासारखा घट्ट होतो. दुसऱ्या वेळच्या चिकाला कमी लागतं. तिसऱ्या दिवशीचा नीट धरतच नाही. ‘आमच्या तांबडीच्या चिकात तिप्पट दूध जिरतं,’ असं एक काकू मला अभिमानानं सांगायच्या. उष्णता लागल्यावर चीक आपोआप थिजतो तो त्यातल्या प्रथिनांमुळं, आणि त्या प्रथिनांत मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा. म्हणजे खरवस जितका छान पडतो तितकं वासराच्या हक्काचं त्यात जास्त होतं. प्रतिपिंडं पहिल्या धारेत सर्वांत जास्त असतात आणि दुसऱ्या धारेला जवळपास निम्म्यावर येतात. म्हणून खरवस दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा करावा. दूध जरा कमी घालावं लागेल, एवढाच फरक.

डेअरी पहिले काही दिवस गाईचं दूध घेत नाही, कारण तापवल्यावर ते फाटतं. खवा भट्टीवाला तर असल्या दुधाला हातच लावत नाही. एका चरवीनं त्याची अख्खी कढई बिघडते. म्हणजे पहिल्या दिवशीच्या चिकाला इथं बाजारभाव नाही. तो वासराला पाजल्यानं कुणाचं एका रुपयाचंही नुकसान होत नाही. तरी तो आळीत तांब्या-तांब्यानं वाटला जातो, पाहुण्यांना डब्यात भरून दिला जातो. द्यावा, जरूर द्यावा. शेजारधर्म मोडा असं मी कुणाला सांगत नाही. वासराचे तीन लिटर बाजूला काढून मग वाटा, एवढंच म्हणतो.

पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पिवळाधम्मक, दाट दिसणारा चीक कधी कधी हलका निघतो, आणि म्हशीचा चीक गाईइतका पिवळा नसूनही चांगला असतो. यावरचा उपाय मला उसाच्या फडात सापडला. तोडणीच्या आधी ऊस पक्व झाला का ते बघायला साखर कारखान्याच्या शेतकी खात्याची माणसं एक लहानसं नळीसारखं यंत्र घेऊन येतात. उसाला टोचून रसाचा थेंब काढतात, यंत्राच्या काचेवर टाकतात, झाकण पाडतात आणि डोळ्याला लावून ब्रिक्स सांगतात. द्राक्षवाले हेच यंत्र गोडी मोजायला वापरतात. प्रशिक्षणात कळलं की चिकाचं मोजमापही याच यंत्रावर होतं. विरघळलेल्या घन पदार्थानं प्रकाश किती वाकतो तेवढंच ते दाखवतं. रसात ती साखर असते, चिकात मुख्यतः प्रथिनं. आकडा 22 किंवा त्याच्या वर आला की चीक उत्तम समजायचा.

मी एक विकत घेतलं. ते वापरायची एक रीत आहे. आधी पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवून घ्यायचं. मग पहिल्या धारेचा चीक ढवळून त्याचे दोन थेंब काचेवर सोडायचे, झाकण अलगद पाडायचं, खाली बुडबुडा राहू द्यायचा नाही. उजेडाकडं तोंड करून बघितलं की वरचा भाग निळा आणि खालचा पांढरा दिसतो, मधे रेघ. उसाच्या रसाची रेघ सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ पडते. चिकाची जरा धूसर असते, कारण त्यात स्निग्धांश तरंगत असतो. डोळा दोन-तीनदा मिटून उघडला की ठरते. गोठ्यात अंधार असेल तर मोबाईलची बॅटरी समोर धरावी लागते. लगेच काच धुऊन पुसायची, चीक वाळला की खरवडून निघत नाही.

या यंत्राचा परिणाम मला वाटला होता त्यापेक्षा वेगळा झाला. आकडा बघायला सगळं घर गोठ्यात जमतं. आजपर्यंत ‘पाजा’ म्हणून घसा कोरडा केला तरी न हलणारा घरधनी, 26 आलेला बघितल्यावर स्वतः बाटली धुवायला उठतो. ऊसवाल्या माणसाला ब्रिक्स समजावून सांगावाच लागत नाही. आणि 17-18 आला तर? तर तोच चीक जास्त पाजायचा. दोनदा ऐवजी तीनदा. हलका म्हणून टाकून द्यायचा नाही. वासरू एक दिवसाचं झाल्यावर पशुवैद्यकांनी त्याचं थोडं रक्त काढून गोठू दिलं, तर वर येणाऱ्या पाण्याचा थेंबही याच यंत्रावर बघता येतो. तो 8.4 च्या वर असला की चीक रक्तात पोचला असं धरतात.

आता वारेचं. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हा समज महाराष्ट्रात सगळीकडं आहे, भारताच्या इतर भागांतही आहे. धार काढली की वार आत ओढली जाते, वासरू प्यालं की गाय ताकद लावत नाही, अशी त्याची दोन-तीन रूपं मी ऐकली. गाईची वार साधारण आठ ते बारा तासांत पडते. तोवर थांबायचं म्हणजे वासराचा मोलाचा वेळ सगळा घालवायचा.

एका वस्तीवर एक आजी होत्या. नातवानं बाटली आणली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. ‘आमच्या हयातीत असं केलं न्हाई. वार सडली पोटात तर गाय जाईल. वासराचं काय, पुढल्या साली व्हईल दुसरं.’ त्यांच्या बोलण्यात अडाणीपणा नव्हता. घरात एकच गाय, तिच्या दुधावर घर. तिचा जीव आधी. मी त्यांना विचारलं, ‘आजी, वार पडंना म्हणून दवाखान्यात कसलं इंजेक्शन देत्यात?’ नातू म्हणाला, ‘पान्ह्याचंच की.’ तेवढं पुरलं. वासरानं सडाला तोंड लावलं, ढुशी दिली की गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटतं त्यानं पान्हा फुटतो, आणि त्याच संप्रेरकानं गर्भाशय आवळतं. वार बाहेर पडायला त्याचीच मदत होते. औषधाच्या बाटलीतलं इंजेक्शन म्हणजे तेच संप्रेरक. ‘म्हंजे वासरूच इंजेक्शन हाय म्हना,’ आजी म्हणाल्या, आणि त्यांनीच कास धुवायला कोमट पाणी मागवलं. वारेबद्दल वाद न घालता वारेच्याच भल्यासाठी पाजा असं सांगितलं की पुष्कळ आज्या ऐकतात. शास्त्राच्या दृष्टीनंही ते खरंच आहे.

एक गोष्ट मात्र जपावी लागते. भरपूर दुधाच्या गाईची कास पहिल्याच दिवशी पार रिकामी केली तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून ती आडवी पडू शकते. म्हणून वासरापुरते दोन-तीन लिटर काढा आणि थांबा, असं मी सांगतो.

चीक जास्त झाला की हगवण लागते, असंही म्हणतात. चीक प्यायल्यावर वासराच्या पोटातली काळी चिकट घाण बाहेर येते आणि मग एक-दोन दिवस पिवळसर मऊ शेण होतं. चीक सारक असतोच, ते बरंच आहे. खरी हगवण पाण्यासारखी, पांढुरकी, घाण वासाची, आणि ती लागते चीक न मिळालेल्याला. चिकानं जंत होतात हा तिसरा समज, आणि त्यात मला तथ्य वाटतं. म्हशीच्या दुधातून एका जातीच्या गोल जंताच्या अळ्या रेडकाच्या पोटात जातात. ज्यानं कुणी पहिल्यांदा दूध आणि जंत यांचा संबंध जोडला त्याची नजर पक्की होती. उपाय मात्र चीक तोडणं हा नाही. पंधरवड्याच्या आत पशुवैद्यकांना विचारून जंताचं औषध पाजलं की काम होतं.

हे सगळं गाय व्याल्यावर सांगून उपयोगाचं नसतं, हे मला या धंद्यानं शिकवलं. त्या वेळी घरात धावपळ, अंधार, भीती. ज्याचं म्हणणं चालत आलंय त्याचंच त्या घाईत चालतं. म्हणून मी गाय सातव्या महिन्यात गेली की वहीत बघून तिकडं चक्कर टाकतो. आणि बोलतो घरातल्या बाईशी. मेळावे पुरुषांचे भरतात, डेअरीचं खातं पुरुषाच्या नावावर, फोन पुरुषाकडं. पण पहाटे गोठ्यात कंदील घेऊन जाते ती सून. वासराला पुसते ती, चीक काढते ती. तिला एकदा कारण समजलं की पुन्हा सांगावं लागत नाही. उलट तीच शेजारणीला सांगते. शासनाच्या आणि डेअऱ्यांच्या प्रशिक्षणांत खुर्च्यांवर ती दिसत नाही, हे मला मोठं दुखणं वाटतं.

सातव्या महिन्यातली दुसरी गोष्ट म्हणजे गाय आटवणं. दहा दिवसांचं बिल चुकू नये म्हणून लोक अगदी विण्याच्या तोंडापर्यंत धार काढत राहतात. पन्नास-साठ दिवस कास कोरडी राहिली पाहिजे, नाहीतर चीक कमी आणि पातळ होतो. कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला दोन महिने दूध बंद करा म्हणणं अवघड जातं, तरी म्हणतो. दुष्काळाच्या सालांत याचं टोक दिसलं. 2013 आणि 2019 मध्ये या भागात चारा छावण्या होत्या. छावणीत व्यालेल्या हडकलेल्या गाईंच्या कासेत चीकच थोडा असायचा, आणि वासरांत उठून चोखायचं बळ नसायचं. ऐन उन्हाळ्यात व्यायच्या गाईला शेवटचे दोन महिने सावली मिळाली नाही तरी वासराला त्याची झळ बसते.

लंपी आला तेव्हा चिकाचं मोल लोकांच्या लवकर ध्यानात आलं. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात त्याची साथ सुरू झाली आणि पुढं राज्यभर पसरली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. लस घेतलेल्या किंवा आजारातून उठलेल्या गाईकडून वासराला मिळायचं ते कवच चिकातूनच. ते कवच कायमचं नसतं. आईकडून आलेली प्रतिपिंडं दर तीन आठवड्यांच्या आसपास निम्म्यावर येत जातात, आणि ती भरपूर असेपर्यंत वासराला टोचलेली लस नीट लागत नाही. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात देतात. ‘लहान हाय, नंतर टोचू’ म्हणून ती पुढं ढकलणारे, आणि ‘आत्ताच टोचा’ म्हणून दोन महिन्यांचं वासरू पुढं करणारे, दोघांनाही मी चिकापासून सुरुवात करून हिशेब सांगतो.

गोऱ्ह्यांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. संकरित गोऱ्हा औताला चालत नाही, 2015 च्या गोवंशहत्याबंदी कायद्यानंतर त्याला गिऱ्हाईकही राहिलं नाही. कालवड झाली की घरात बाटली शोधली जाते. गोऱ्हा झाला की वेळच मिळत नाही. तो उपाशी राहून चार-सहा दिवसांत जातो. कुणी मारलं असं म्हणता येत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. शेतकऱ्याची अडचण मी नाकारत नाही. दावणीला फुकटचा जीव पोसणं त्याला परवडत नाही, हे मी रोज बघतो. तरी पहिल्या दिवशीचा चीक त्यालाही पोटभर मिळाला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्याचं पुढं काय करायचं ते नंतर ठरवा. शिवाय हगवणीनं आजारलेला गोऱ्हा शेजारी बांधलेल्या कालवडीलाही घेऊन जातो.

एखादी गाय विताना मरते, एखादीला कासेचा दगडी आजार असतो, पहिलारू कधी कधी वासराला जवळच घेत नाही. अशा वासरासाठी पुस्तकांत एक नुस्खा छापलेला असतो: अंडं, एरंडेल तेल, पाणी आणि दूध. त्यानं पोट भरतं, पोट साफ होतं. पण गाईची प्रतिपिंडं त्यात नाहीत. त्या वासराला दुसऱ्या गाईचा चीकच लागतो, आणि तो त्याच तासाला कुठून आणायचा?

चीक उणे वीस अंशांच्या आसपास गोठवला तर वर्षभर टिकतो. लिटरभराच्या बाटल्यांत भरून ठेवायचा. लागेल तेव्हा हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात बाटली धरून वितळवायचा, गॅसवर ठेवायचा नाही. त्याचा खरवस होईल आणि प्रतिपिंडं जातील. एक-दोन घरांनी आपल्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात हे करून बघितलं. पण वस्तीवर वीज जाते-येते. अर्धा वितळून पुन्हा गोठलेल्या चिकाचा भरवसा नसतो.

म्हणून मी आमच्या भागातल्या दूध संकलन केंद्रांच्या मागं लागलोय. जिथं बल्क कूलर आहे तिथं जनरेटरही आहे. त्याच्या शेजारी एक लहान डीप फ्रीझर ठेवला, फॅट मोजायच्या यंत्राजवळ एक ब्रिक्सचं यंत्र ठेवलं, तर गावची चिकाची बँक उभी राहते. गाय लस घेतलेली हवी, सांसर्गिक गर्भपाताच्या तपासणीत स्वच्छ निघालेली हवी, कासेचा आजार नको, आणि तिच्या स्वतःच्या वासराला पुरून उरलेला चीकच घ्यायचा. ज्यानं बाटली नेली त्यानं आपली गाय व्याल्यावर एक भरून द्यायची. पैशांचा व्यवहार नको. केंद्र चालवणारे अजून आढेवेढे घेतात, चीक आणि दूध एका छपराखाली नको म्हणतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. भांडी आणि कप्पा वेगळा ठेवावाच लागेल. एका केंद्रावर जागा बघून झालीय. किल्ली रात्री कुणाकडं राहायची तेवढं ठरायचंय. बाटलीवर लिहायच्या तीन गोष्टी मात्र ठरल्यात: गाईच्या बिल्ल्याचा नंबर, चीक काढल्याची तारीख आणि ब्रिक्सचा आकडा.